कागदावरची थोरली

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

बारामती,
ता. २१ एप्रिल १९९६

ती. ताईस,
बिरदेवचा सा. न. वि. वि.

ताई म्हटलं की तू खूश होतेस, म्हणून आधी तेवढं उरकून घेतलं. तू जन्मलीस तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि आई सांगते त्याप्रमाणे तुला कोकरू समजून मी तुझ्यापुढे बाभळीचा पाला टाकला होता. पण शाळेच्या दाखल्यावर तू १ जून १९७२ ची आणि मी १ जून १९७४ चा. जोतीराम गुरुजींनी एका दिवसात तुला थोरली केलं, माझ्यापुढे दोन इयत्ता बसवलं आणि भर वर्गात मला तुला ताई म्हणायला लावलं. सोळा वर्षं झाली. जिभेला लागलेलं वळण काही जात नाही.

आता बातमी. बावीस वर्षांखालच्या भारतीय बास्केटबॉल संघाच्या शिबिराला माझं नाव आलं आहे. २ मेपासून बंगळूरला शिबिर. वीस जण बोलावले आहेत, त्यातले बारा जुलैमध्ये क्वालालंपूरला जाणार. तिथे आपल्यासह पाच देशांचे संघ आहेत आणि प्रत्येकाशी एक सामना. कॉलेजात पेढे वाटले, पण माझ्या वाट्याला एकच आला, कारण सगळे माझ्याच हातातून घेत होते.

पत्रात एक अट आहे. १ जानेवारी १९७४ च्या आधी जन्मलेला खेळाडू चालणार नाही. म्हणजे खऱ्या वयाने मी केव्हाच बाद, आणि गुरुजींच्या लेखणीने पास. कोच सरांनी दाखला पाहिला आणि फाइलला लावला. मी काही बोललो नाही. बोलावं असं कुणी विचारलंही नाही.

पासपोर्टसाठी आबांचा अंगठा लागेल, शुक्रवारच्या एसटीने येतो. विमानाचं आईला एवढ्यात सांगू नकोस. लोभ आहेच, उलट टपाली त्याची पोच द्यावी.

तुझा (कागदावर) धाकटा,
बिरदेव


निमगाव केतकी,
ता. २ मे १९९६

चि. बिरदेव यास,
थोरल्या बहिणीचे (कागदोपत्री) अ. उ. आ.

आबांचा अंगठा घ्यायला आलास आणि चहाही न संपवता पळालास, म्हणून राहिलेलं सगळं लिहून पाठवते. पत्र बंगळूरच्या पत्त्यावर टाकते आहे.

तुझं मागचं पत्र मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. विमानाची ओळही वाचली गेली, कारण आई दारामागे उभी आहे हे मला दिसलं नाही. तेव्हापासून ती घरावरून एखादं विमान गेलं की हातातलं काम ठेवून बाहेर येते आणि ते पडत नाही याची खात्री करून मग आत जाते. तू जाईपर्यंत हे असंच चालणार.

बारामतीला पाहिलेला तो हाच खेळ का, असं आबांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर त्यांचं मत असं की, दहा माणसं एका चेंडूसाठी जीव काढत्यात आन् घावला की बिनबुडाच्या टोपलीत टाकत्यात. टोपलीला बूड शिवलं असतं तर एकदा टाकून सगळी घरला गेली असती. पण पुढे ते म्हणाले की आपला बिरदेव त्यात शहाणा हाय, त्यो कुणाच्या मागं पळत न्हाय. मेंढराच्या मागं पळतो त्यो धनगर न्हवं, मेंढराला जायचंय तितं आधी हुबा ऱ्हातो त्यो धनगर. हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे तुला कळवायचं आहे असं मी समजते.

वयाच्या अटीचं ऐकून ते हसले. मेंढराचं वय दातावर असतंय, कागदावर न्हाय, गुरुजींनी दोघांचं त्वांड उघडून बघितलं असतं तर ही भानगडच झाली नसती, असं म्हणाले.

माझं ठीक चाललं आहे. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जाते त्याला आता वर्ष झालं. रजिस्टर मी लिहिते, मेंढरांना जंताचं औषध मी पाजते आणि सही तेवढी डॉक्टर करतात. परवा त्यांनी एक फॉर्म आणून दिला. पशुधन पर्यवेक्षकाचं एक वर्षाचं प्रशिक्षण इंदापुरात सुरू होतं आहे आणि मुलींना पहिल्यांदाच सहा जागा ठेवल्या आहेत. अट एवढीच की १ जुलैला वय चोवीसच्या वर नसावं. दाखल्याप्रमाणे त्या दिवशी मी चोवीस वर्षं एक महिन्याची. डॉक्टर हळहळले. मी म्हटलं, थोरलेपण फुकट मिळत नसतं. फॉर्म परत दिला नाही, ट्रंकेत ठेवला आहे. कागद चांगला जाड आहे.

तिकडे भाकरी मिळणार नाही, म्हणून आईने कपड्यांत खाली तळाशी चटणीचा डबा दडवला होता. मिळाला नसेल तर पुन्हा बघ. डबा रिकामा झाला तरी हरवू नकोस. थोरल्यांचा लोभ तुझ्यावर आहे, तू तो कमी होईल असं काही करू नयेस.

ताई


बंगळूर,
ता. १४ मे १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, चटणी त्याआधीच संपली. पंजाबच्या पोरांनी एका जेवणात संपवली आणि आता मला चटणीवाला म्हणतात. इथे सगळं हिंदीत चालतं. माझं हिंदी ऐकून कोच सर कधीकधी हसू दाबतात, पण खेळ थांबवत नाहीत.

पहाटे पाचला उठवतात. कोर्ट लाकडी आहे, बारामतीसारखं सिमेंटचं नाही, त्यामुळे गुडघे दुखत नाहीत. वीस जणांत माझ्याइतके उंच अजून तिघे आहेत. पण सरांनी काल सगळ्यांना खाली बसवलं आणि मला उभं करून दाखवलं की, समोरचा बास्केटकडे वळायच्या आधी याचे पाय तिथे असतात, हे तुम्ही का करत नाही. कुणाकडून शिकलास असं विचारलं. वडिलांकडून, असं सांगितलं. वडील कुठल्या क्लबकडून खेळायचे, असं त्यांनी पुढे विचारलं.

आबांना सांग की इथे दातही पाहिले. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. माझं तोंड उघडायला लावून अक्कलदाढा मोजल्या, चारही पुऱ्या आलेल्या. लवकर आल्या म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरात सगळ्यांनाच लवकर येतात. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्याला बोलावलं.

पासपोर्ट तयार आहे. त्यावर १ जून १९७४ छापलं आहे आणि फोटोत माझे कान फार मोठे आले आहेत. बारा जणांची यादी महिनाअखेर लागेल. तू फॉर्मचं मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू. आई-आबांना नमस्कार. लोभ ठेवशीलच, चटणी मात्र वेगळी पाठव.

तुझा बिरदेव


भिगवण,
ता. २३ मे १९९६

चि. बिरदेव यास,
जोतीराम गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

सेवानिवृत्त झाल्यापासून मी भिगवणला मुलाकडे असतो. धरणाचं पाणी अंगणापासून हाकेवर, मासे ताजे आणि दात थोडे. तुझ्या निवडीचं पेपरात वाचलं. शाळेत असताना तुझं डोकं फळ्याच्या वर यायचं आणि मागच्या पोरांची तक्रार असायची, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

रविवारी छकुली, तुझी कागदावरची ताई, आली होती. तुला लिहू नका असं ती मला तीनदा म्हणाली. मी मान हलवली, पण शब्द दिला नाही. म्हातारपणी मान अशीही हलतेच.

आधी माझा गुन्हा सांगतो. जून १९८० मध्ये तुझे आबा तुम्हा दोघांना घेऊन वस्तीवरच्या शाळेत आले. मेंढरं कोकणात उतरायची तेव्हा छकुलीला ते आत्याकडे वस्तीवर ठेवत. ती दोन वर्षं शाळेच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती आणि सहाव्या वर्षी तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचत होती. तू आठ वर्षांचा, कळपाबरोबर चाललेला. मोजता यायचं ते मेंढरांपुरतं. मी अक्कल बघून इयत्ता दिली आणि इयत्ता बघून वय दिलं. तिसरीतलं मूल आठ वर्षांचं लागतं आणि पहिलीतलं सहाचं. तुमचं उलटं होतं म्हणून तुमच्या तारखा मी उलट्या केल्या. त्या काळी आम्ही मास्तरांनी अर्धा तालुका १ जूनला जन्माला घातला, त्यात तुम्ही दोघे. कुणाचं नुकसान होईल असं वाटलं नव्हतं. मुलगी दोन वर्षं पुढे गेली याचा तर मला अभिमान होता.

आता ऐक. छकुलीने इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातून उतारा काढून आणला आहे. त्यावर लिहिलं आहे: ११ ऑगस्ट १९७४, मुलगी. आईचे दुसरे अपत्य. पहिले अपत्य मुलगा, वय दोन वर्षे, हयात. म्हणजे एकाच ओळीत तुम्ही दोघे. हा उतारा लावला तर तिचं वय एकवीस ठरतं आणि प्रशिक्षणाची जागा तिची आहे, असं जनावरांचे डॉक्टर म्हणतात. फॉर्म २५ जूनपर्यंत घेतील. पण शाळेचे आताचे मुख्याध्यापक म्हणतात की दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आणि एकाच हातच्या. एक चूक म्हटली तर दुसरी बरोबर कशी म्हणू? दोघांची दुरुस्ती पाठवीन, नाहीतर कुणाचीच नाही. त्यासाठी माझा जबाब आणि तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. माणूस कडक आहे, पण त्याचं चुकत नाही.

पुढच्या वर्षी बघू, असं तू तिला लिहिलंस म्हणे. बाळा, तू खेळून आल्यावर पुढचं वर्ष येणार नाही. देशाच्या संघाने तुझं वय छापल्यानंतर ती ही नोंद कधीच दुरुस्त करू शकणार नाही, कारण ती केली की तू चोर ठरशील. हे तिला कळलेलं आहे. उतारा घडी घालून पिशवीत ठेवला आणि सुनेने केलेल्या माशाचं कालवण चवीने जेवून गेली.

आजवर चूक माझी होती. विमानात बसलास की तुझी होईल. मी हे रागावून लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो. काय करायचं ते तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुला कमी समजणार नाही.

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच, ते वयावर अवलंबून नाहीत.

जोतीराम गुरुजी


बंगळूर,
ता. १ जून १९९६

ती. गुरुजींस,
बिरदेवचा शि. सा. न. वि. वि.

आज १ जून. तुमच्या कृपेने आज ताईचा आणि माझा दोघांचा वाढदिवस. इथे सहा जणांचा आहे. सरांनी केक आणला आणि विचारलं की तुमच्याकडे सगळी मुलं आजच कशी जन्मतात. सहाही जण केककडे बघत राहिलो.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमचा राग आला. काल बारा जणांची यादी लागली. सातवं नाव माझं आहे. जर्सीसाठी शिंप्याने माप घेतलं, पाठीला टेप पुरेना म्हणून दोनदा लावली. पुढे देशाचं नाव आणि मागे बारा नंबर येणार. मी ते अजून पाहिलेलं नाही, पण रोज झोपताना दिसतं.

गुरुजी, मला खेळायचं आहे. खोटं कशाला लिहू? आठ वर्षांचा होईपर्यंत मी पायात चप्पल घातली नव्हती आणि आता माझ्या मापाचे बूट बाहेरून मागवले आहेत. ताईची जागा जाते हे मला कळतं. पण तिच्यासारख्या हुशार मुलीला दुसरं काहीतरी मिळेल आणि मला हे पुन्हा मिळणार नाही, असं मी स्वतःला सांगतो. मग आठवतं की तिला दुसरं काही मिळायचं तरी हाच दाखला दाखवावा लागेल.

यादी महासंघाला पंधरा तारखेला जाते. तोवर मला सुचू द्या. तुम्ही मला लिहिलं हे तिला सांगू नका. तुमच्यावर राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही या एकाच नमस्कारात आहेत.

आपला विद्यार्थी,
बिरदेव


निमगाव केतकी,
ता. ६ जून १९९६

चि. बिरदेव यास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आणि हुकूम.

गुरुजींच्या पोटात मासे राहतात, गोष्टी राहत नाहीत. त्यांनी तुला लिहिलं हे त्यांनीच मला कळवलं, शिवाय बारा जणांत तुझं नाव लागलं हेही. मी त्यांच्याशी महिनाभर बोलणार नाही आहे.

तू जायचंस. सोळा वर्षं मी थोरलेपण फुकट मिरवलं, आता एकदा ते वापरते. गावात तुझं नाव झालं आहे. आईने बिरोबाला नवस बोलला आहे आणि विमानांवर लक्ष ठेवणं सोडून दिलं आहे; आता देव बघेल म्हणते. हे सगळं एका फॉर्मसाठी मोडायचं नाही.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मार्चमध्ये एका शेळीचं करडू अडलं होतं, डॉक्टर डाळजला गेलेले. मी एकटीने हात घालून ते वळवलं आणि काढलं. शेळी आणि करडू दोन्ही जगली. त्या दिवशी घरी येताना मी माझे हात बघत बघत आले. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगते, पण त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

डाळजचंच एक स्थळ आलं आहे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, ऊस आहे, माणसं बरी वाटली. आई म्हणते, आता थांबायला काय कारण उरलंय? मला कारण सांगता आलं नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आबांना मी सगळं सांगितलं. लपवून ठेवायला ते काही कोच नाहीत. ते म्हणाले, काट्याच्या कुपाटीच्या फटीत दोन मेंढरं एकदम घुसली आन् अडाकली तर शिंगं असल त्याला मागं वढत्यात, बिनशिंगीला धरायचं कुठं? मी विचारलं, म्हणजे कुणाला? त्यावर मेंढरांना पाणी दाखवायची वेळ झाली म्हणून ते उठून गेले. त्यांचं म्हणणं लिहायचं राहिलं असं नको म्हणून लिहिलं. माझा हुकूम वर आहेच.

बूट चावत असतील तर आत कापूस घाल. लोभ कमी करायची मुभा नाही.

ताई


बंगळूर,
ता. १३ जून १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा मायना मी शेवटचा लिहितो आहे. सोबत स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे, किती रुपयांचा ते जाऊ दे. वकिलाने इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत सही केली. त्यात मी १९७२ च्या दुष्काळात जन्मलो आणि तू माझी धाकटी बहीण आहेस असं म्हटलं आहे. मुख्याध्यापकांना आजच्या आज नेऊन दे. २५ तारीख लांब नाही.

मंगळवारी सराव संपल्यावर मी कोच सरांना सांगितलं. ते हातातला चेंडू दाबून हवा बघत राहिले. मग विचारलं की हे अजून कुणाला माहीत आहे. नंतर म्हणाले की हे मी ऐकलंच नाही असं समजू शकतो. मी मान खाली घातली. ताई, त्या क्षणी मी जवळजवळ गप्प बसलो होतो. मग ते म्हणाले, निदान गुडघा दुखावला असं लिहू, म्हणजे तुझी लाज राहील. मी म्हटलं, सर, गुडघा लिहिलात तर तारीख तशीच राहते आणि मला तारीखच बदलायची आहे. त्यांनी कागद पुढे केला आणि मी लिहून दिलं.

तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तू जन्मभर ओझं वाहशील आणि मीही तुला कधीतरी ते काढून दाखवीन. खरं सांगतो, अक्कलदाढांनी घात केला. तारीख गुरुजींची होती, पण घरात सगळ्यांना लवकर येतात हे वाक्य माझं होतं. त्यानंतर तोंड धुताना मला आरशात बघवत नव्हतं. आणि तू ते करडू वळवलंस, ते वाचून मी जागचा उठलो आणि सरांच्या खोलीकडे गेलो. तेव्हा म्हटलं तर तुझ्यासाठीही.

माझ्या जागी अमृतसरचा एक मुलगा घेतला. एकवीस वर्षांचा, खराखुरा एकवीस. जर्सी शिवून आली होती, ती त्याला दिली, त्याला ती मांडीपर्यंत येते. सरांनी मला महिनाअखेर थांबायला सांगितलं आहे. तिकडच्या संघांत उंच माणसं आहेत, तेव्हा सरावात तो उंच माणूस मी व्हायचं. रोज मी परक्या देशाचा होतो आणि आपल्याच पोरांच्या वाटेत उभा राहतो. त्या अमृतसरच्या पोराला आबांची युक्ती शिकवतो आहे. काल तो मागे पळत होता, आज दोनदा थांबला.

मला फार वाईट वाटतं आहे. ते जाईल. आईचा नवस फिटला असं समजा, बिरोबाने माणूस नाही, विमानाचा प्रवास तेवढा ठेवून घेतला. डाळजच्या लोकांना एक वर्ष थांबा म्हणावं. बरी माणसं असतील तर थांबतील.

लोभ कुणाचा कुणावर, हे आता दाखल्यावर ठरेल.

बिरदेव


भिगवण, ता. २६ जून १९९६

चि. बिरदेव यास अनेक आशीर्वाद. काल मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. माझं सोळा वर्षांपूर्वीचं अक्षर सुरेख होतं. दोन्ही तारखांवर त्यांनी तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि मी तीन ठिकाणी सही केली. प्रस्ताव वर गेला, त्याची पोच फॉर्मला लावून छकुलीने शेवटच्या दिवशी फॉर्म दिला. ती माझ्याशी बोलत नाही असं म्हणाली आणि तासभर बोलली. कार्डावर जागा संपली, आशीर्वाद संपले नाहीत. जोतीराम गुरुजी


बारामती,
ता. २७ जुलै १९९६

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

हे लिहिताना हात अडखळला. दोनदा ती. ताईस लिहिलं आणि खोडलं. अक्षराला सवय व्हायला वेळ लागेल, तोवर सांभाळून घे.

तुझी निवड झाल्याचं आबांनी कंडक्टरच्या हाती कळवलं. निरोप निम्माच पोचला, पण जो पोचला तो कामाचा होता. स्पर्धा संपली. पेपरात तीन ओळी आल्या: पाच संघांत आपला चौथा, चारपैकी एक सामना जिंकला. एवढंच. कुणाचं नावही नव्हतं.

अमृतसरच्या पोराने पत्र पाठवलं आहे. जिंकलेल्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं तो त्यांच्या सगळ्यात उंच माणसाच्या वाटेत उभा राहिला आणि एकदाही मागे पळाला नाही. पूर्ण सामन्यात अकरा रिबाउंड घेतले. म्हणजे टोपलीवर आपटून परत आलेले चेंडू, हे आबांना समजावून सांग. उस्तादजी, आपके पिताजी को मेरा प्रणाम, असं खाली लिहिलं आहे. वाचून मला आनंद झाला. मग त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कोच सरांचंही कार्ड आलं. डिसेंबरमध्ये पुरुषांच्या मुख्य संघाची निवड आहे आणि त्याला वयाची अट नाही. ये, एवढंच लिहिलं आहे. जाईन की नाही अजून ठरवलं नाही. पहाटे पाचला उठायची सवय मात्र गेलेली नाही, कॉलेजच्या कोर्टवर जातो. सिमेंटवर गुडघे दुखतात. खऱ्या वयाचे झाले म्हणायचे.

तू इंदापुरात पोचलीस की लिही. लोभ, आता रीतसर, थोरल्याचा.

बिरदेव


इंदापूर, मुलींचं वसतिगृह,
ता. ११ ऑगस्ट १९९६

मायना कोरा सोडला आहे. विसरले नाही, शेवटी लिहिणार आहे.

सहा मुलींना एक खोली, एक नळ आणि एक आरसा मिळाला आहे. बाकीच्या पाच जणींना गायी-म्हशी येतात, मेंढी येत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझा भाव वधारला. मेंढीचं वय कसं ओळखायचं असं सरांनी विचारलं, मी तोंड उघडून दात दाखवले. मेंढीचे. वर्ग हसला, पण गुण मला मिळाले. सर म्हणाले की हे पुस्तकात तिसऱ्या महिन्यात आहे.

डाळजची माणसं वर्षभर थांबायला तयार आहेत. बरी आहेत असं म्हणायला आता हरकत नाही. आईचा मात्र बिरोबाशी वाद चालू आहे. तिचं म्हणणं, नवस विमान सुखरूप येण्याचा होता, जाऊच नये असा नव्हता. आबांना अकरा रिबाउंड समजावले. ते म्हणाले, पोरानं दुसऱ्याच्या पोराला वाट अडवाय शिकवली, मंजी त्यो खेळलाच की. एवढं बोलून ते उठले आणि बराच वेळ गोठ्यामागे होते. आईने मला तिकडे जाऊ दिलं नाही.

आज माझा वाढदिवस. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या तारखेला आला. खोलीतल्या मुलींनी गूळ-शेंगदाणे आणले होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. इथे आल्या दिवशी एक तक्ता भरायचा होता. नाव, गाव, जन्मतारीख, आणि शेवटी भावंडं. आजवर शाळेत, कॉलेजात, सगळीकडे मी तिथे धाकटा भाऊ एक असं लिहीत आले. पेन टेकवलं आणि तेच लिहिणार होते. मग थांबले. तुला तिकडे काय सोडावं लागलं ते मला त्या रकान्यापुढे कळलं. पत्रांतून कळलं नव्हतं, पत्रांत आपण दोघेही फार चेष्टा करतो. मी रडले. कारकून म्हणाला, बाई, पुढं रांग हाय. मी लिहिलं: थोरला भाऊ, एक.

डिसेंबरला तू जाशील. हा हुकूम नाही, आता मला हुकूम करता येत नाही. धाकटीचा हट्ट समज. मी कधी केला नाही, तेव्हा सोळा वर्षांचा साठला आहे.

आता मायना. आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, अक्षर हललं असेल तर सांभाळून घे.

तीर्थरूप दादास,
तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार.

छकुली